जाळीबाहेरच्या पंचबाई

"म्हणजे हरलेले सगळे चोर, असंच ना?"

"चोर मी कुणालाच म्हटलं नाही. मी इतकंच विचारतेय, सकाळी ज्याने तुम्हाला धूळ चारली, दुपारी त्याच्याच अंगावरचा डाग तपासायला तुम्हाला उभं केलं, तर तुमचा हात जरा लवकर वर जाईल की नाही?"

"माझा नाही जाणार."

"तुम्ही फरशा विकता, सेक्रेटरी. मोजमाप घेताना तुमचा हात कुठे कुठे जातो ते अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे."

दुकानातल्या दोन्ही कारागिरांनी माना खाली घालून हसू गिळलं. पेंटबॉल मंडळाच्या या सेक्रेटरींच्या काखेत हवेची रिकामी बाटली होती. ती त्यांनी टेबलावर अशी आदळली, की शेजारची लाल नळकांडी किणकिणली.

हे दुकान आग विझवायच्या नळकांड्यांचं. ऑफिसांच्या जिन्यांत, हॉटेलांच्या भटारखान्यांत जी लाल नळकांडी टांगलेली असतात, ती इथे येऊन भरली जातात, तपासली जातात आणि पुन्हा धूळ खायला परत जातात. सेक्रेटरींशी भांडणाऱ्या या बाई इथे लग्नाच्या आधीपासून कामाला. पुढे पेंटबॉलवाल्यांना बंदुकीच्या हवेच्या बाटल्या भरून देणारं दुसरं कुणी जवळपास नव्हतं म्हणून ते इथे येऊ लागले, आणि बाटल्या पोचवायच्या निमित्ताने बाई मैदानावर जाऊ लागल्या. गेल्या त्या तिथल्याच झाल्या. आयुष्यात एक गोळी त्यांनी मारली नाही. लोक नावं ठेवायचे, "पोहता येत नाही आणि बुडणाऱ्यांचा हिशेब ठेवते." बाई म्हणायच्या, "मी कुणाला मारलेलं नाही आणि कुणी मला मारलेलं नाही. पंचाला याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं?"

खेळ सोपा. दोन संघ, तोंडावर मुखवटे, हातात हवेच्या बंदुका. गोळी म्हणजे रंगाने भरलेलं पातळ कवच. अंगावर फुटली आणि नाण्याएवढा डाग पडला की खेळाडू बाद. त्याहून लहान शिंतोडा असेल तर खेळ चालू. हिरवळीवर हवेने फुगवलेले मोठमोठे अडथळे, त्यांच्या आडून आडून पुढे सरकायचं. मैदानाभोवती उंच जाळी. आणि आत धावणारे पंच, कारण मुखवट्यामागच्या माणसाला आपल्या पाठीवरचा डाग दिसत नाही. आणि दिसला तरी दिसत नाही.

अडचण होती ती पंच कोण, इथे. वर्षानुवर्षांची रीत अशी की जो संघ हरून बाहेर पडेल, त्यानेच पुढच्या मॅचला पंच द्यायचे. खर्च शून्य, आणि वैर फुकट. यंदा तू माझा डाग पाहिला नाहीस, पुढच्या खेपेला मी तुझा पाहणार नाही. किंवा उलट. बाईंनी तीन सेक्रेटरींशी यावरून भांडण केलं होतं. हे तिसरे.

"बरं, ऐका," सेक्रेटरी शेवटी खुर्चीत टेकले. "एक स्पर्धा देतो. फक्त एक. तुमची माणसं, तुमचं शिक्षण, तुमचे नियम. पण पंचांवरून एक जरी भानगड झाली ना, बाई, तर पुन्हा जुनी रीत, आणि तुम्ही परत तुमच्या या नळकांड्यांपाशी. कायमच्या."

"कबूल."

"आणि तुमचे चिरंजीव खेळतात त्या मॅचचं काय?"

"त्या मॅचला मी जाळीच्या बाहेर. नात्यातलं माणूस आत असेल तर पंच आत नसेल. घाला नियमात."

"तुमच्याच पायात बेडी घालताय."

"दुसऱ्यांच्या पायात घालायची तर आधी आपल्या पायात घालून बघावी. कुठे टोचते ते कळतं."

बाईंचा हा एकुलता एक मुलगा. मैदानावर त्याला सगळे सरडा म्हणायचे. पोटावर असा सरपटायचा की गवतालाही पत्ता लागायचा नाही. नोकरी धड नव्हती, अभ्यास तर कधीच नव्हता, पण बंदूक हातात आली की पोराचं अंग उजळायचं. या स्पर्धेतल्या चांगल्या खेळाडूंमधून देशाचा संघ निवडायचा होता, आणि निवड समितीचे दोघे सेमीफायनलपासून येऊन बसणार होते. घरात दुसरा विषयच नव्हता. नवरा म्हणायचा, "आई पंच, मुलगा खेळाडू. मी म्हणजे ते मधलं फुगवलेलं. दोघांच्या गोळ्या मीच खातो."

बाईंनी माणसं जमवली. जिममध्ये दारावर बसणारा पहिलवान, विम्याचा एजंट, दोन निवृत्त कंडक्टर, आणि दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस असलेली एक तिशीची बाई, जिला पहिल्याच दिवशी दातवाली हे नाव पडलं. रविवारी दुकानामागच्या अंगणात शाळा भरायची. जुना रेनकोट पहिलवानाच्या अंगावर चढवायचा, बाईंनी ब्रश झटकायचा, आणि बाकीच्यांनी पळत येऊन सांगायचं, गोळी फुटली की नुसता शिंतोडा.

"फुटली!"

"कशावरून?"

"मोठा आहे ना डाग."

"मोठा आहे, पण मधे कवचाचा तुकडा कुठाय? कडा बघ, एका बाजूला लांबलीय. अडथळ्यावर फुटून उडालाय. तू एका निरपराध माणसाला घरी पाठवलंस."

"निरपराध?" पहिलवान रेनकोटातून म्हणाला. "बाई, मी सकाळपासून उन्हात रबर घालून उभा आहे, मला कुणी घरी पाठवेल तर मी पाया पडेन."

दातवाली सगळ्यांत पुढे. रोज दहा तोंडांत वाकून किडीचे ठिपके बघणारी ती, तिच्या नजरेतून डाग सुटायचा नाही. पण बाईंचा कटाक्ष वेगळ्याच गोष्टीवर होता. पंचाच्या नजरेवर. खेळाडू एकमेकांना बघत नाहीत, ते पंचाला बघतात. पंच ज्या अडथळ्याकडे टक लावून बघतो, त्याच्या आड कुणीतरी आहे हे समोरच्याला लगेच कळतं. गोळी न मारता पंच माणूस मारतो. म्हणून बाई शिकवायच्या, "बघायचं, पण बघतोय असं दिसू द्यायचं नाही. एक क्षण डोळा टाकायचा आणि मान दुसरीकडे. नजर काढून घ्यायची."

"हे मला लग्नाआधी कुणी शिकवलं असतं तर!" पहिलवान म्हणाला, आणि दातवाली इतकी हसली की तिला उचकी लागली.

बाईंनी तिला पाणी दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उद्या मी नसले तर ही बघेल सगळं." दातवाली पाण्याचा ग्लास धरून तशीच उभी राहिली. दवाखान्यात तिला कुणी नावानेसुद्धा हाक मारत नसे, नुसतं "अगं" म्हणत.

स्पर्धा सुरू झाली आणि चक्क चालली. पहिल्या दिवशी लोक पंचांना हसले, दुसऱ्या दिवशी चिडले, तिसऱ्या दिवशी गप्प बसले. बाद झालेला खेळाडू हात वर करून निमूट चालायला लागला. एका पोराचा मुखवटा निसटला तेव्हा बाईंनी जाळीबाहेरूनच शिट्टी मारून अख्खी मॅच थांबवली. मुख्य पंचाला तेवढा अधिकार होता. आत असो की बाहेर. सेक्रेटरीही येऊन चहाचा कप हातात देऊन गेले. म्हणाले, "मानलं." म्हणताना तोंड कडू औषध घेतल्यासारखं.

मग सेमीफायनल आली. सरड्याचा संघ. बाईंनी नियमाप्रमाणे जाळीबाहेर खुर्ची मांडली. आत दातवाली उजव्या बाजूला, पहिलवान डाव्या. निवड समितीचे दोघे मांडवात, सावलीत.

मॅच अटीतटीची. दोन्हीकडचे एकेक करत हात वर करून बाहेर पडले. शेवटी इकडे सरडा एकटा आणि तिकडे दोघे. सरडा उजवीकडच्या अडथळ्याआड गुडघ्यावर. समोरून गोळ्यांचा मारा, फुग्यावर फटाफटा रंग फुटतोय. आणि त्यातली एक गोळी तिरकी आली, त्याच्या कमरेवर फुटली. बाईंना आवाज आला नाही, पण पोराचं अंग आखडलं ते दिसलं. जन्म दिलेलं अंग ते, कुठल्या मुंगीने चावलं ते लांबून कळतं. पिवळाधमक डाग, नाण्याहून मोठा.

सरड्याने मागे हात नेला. कमरेच्या पट्ट्यात गोळ्यांचे जादा डबे खोचलेले असतात, त्यातला एक काढायला. डबा काढला. पण डबा काढताना तळहात कमरेवरून दाबून, फिरवून गेला, आणि मग तोच तळहात गवताला घासला गेला. डाग गेला. डबा मात्र बंदुकीत रिकामा न करताच खाली पडला. त्याला गोळ्या नकोच होत्या.

दातवाली त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तिची मान त्याच्याकडे होती. मग वळली. दुसरीकडे.

बाई खुर्चीतून उठल्या. शिट्टी हातात आली, ओठांपर्यंत आली. धातू दातांना लागला. मांडवातला एक जण पुढे झुकून सरड्याकडे बोट दाखवत दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होता. बाईंच्या मनात आलं, नात्यातलं माणूस आत आहे. मी बोलायचं नाही. नियम माझाच आहे. तेवढ्यात सरडा पोटावर पडला, सरपटला, अडथळ्याच्या खालून त्याने एकाला टिपलं, उठून धावत दुसऱ्याला टिपलं, आणि मैदानाबाहेर लोक खुर्च्यांवर चढून ओरडायला लागले.

दोन्ही कप्तानांनी हात मिळवले. हात मिळवल्यावर निकाल पक्का, मग देव आला तरी बदलायचा नाही. हाही बाईंनीच घातलेला नियम. पूर्वी एकेका मॅचची भांडणं आठवडाभर चालायची म्हणून घातलेला.

हात मिळवून झाल्यावर बाई ऑफिसात गेल्या.

"माझ्या मुलाने डाग पुसला."

सेक्रेटरी बक्षिसांच्या ढाली पुसत होते. फडकं तसंच हातात राहिलं. "काय?"

"उजव्या बाजूला, शेवटच्या क्षणी. मी डोळ्यांनी पाहिलं. त्या बाजूच्या पंचाने पाहून सोडलं. मी तुमच्यापासून लपवणार नाही."

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही भाव आला, जसा गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने गोदामात शिरल्यावर येतो.

"निकाल काही बदलता येणार नाही, बाई. नियम तुमचा."

"माहीत आहे."

"आणि पंचाने पकडलं नाही, म्हणजे मुलगा नियमाने निर्दोष. नियम तुमचा."

"माहीत आहे."

"म्हणजे गुन्हेगार उरली ती तुमची दातवाली. तुमची शिकवलेली." त्यांनी ढाल उजेडात धरून पाहिली. "एक भानगड म्हटलं होतं मी. तुम्ही ती ताटात वाढून आणलीत. उद्याच्या फायनलला हरलेल्या संघांची पोरं उभी राहतील. जुनी रीत बरी होती हो. तिथे निदान कोण कुणाचं आहे ते माहीत असायचं."

"तिला काढा, पण पद्धत मोडू नका. एका माणसाच्या चुकीने..."

"चुकीने? पाहून सोडलं म्हणालात ना आत्ता? त्याला चूक म्हणत नाहीत."

संध्याकाळ व्हायच्या आत भोंग्यावरून घोषणा झाली, की अमुक एका पंचाला कर्तव्यात कसूर केल्यामुळे काढण्यात येत आहे. मैदान आवरणाऱ्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी ती ऐकली. सरड्याचं नाव त्यात नव्हतं. बाईंचंही नव्हतं.

घरी आल्या तर नवरा कांदा चिरत होता आणि मुलगा ओट्यावर बसून पाय हलवत होता.

"खाली उतर," बाई म्हणाल्या.

"निवड झाली, आई. तोंडी सांगितलंय. पत्र येईल."

"तू पुसलंस."

"सगळे पुसतात."

"सगळ्यांना मी नाही वाढवलं."

"अगं, पुसणं खेळातच धरलेलं असतं. पकडलं तर बाद, नाही पकडलं तर चालू. तूच म्हणायचीस ना, खेळाडूच्या शब्दावर जाऊ नका, खेळाडू खोटंच बोलणार, पंचाने बघायचं? मग पंचाने बघितलं नाही त्यात माझं काय?"

"तोंड वर करून बोलतोस!"

"आई, मी रागावलो नाहीये तुझ्यावर. खरंच." तो ओट्यावरून उतरला आणि त्याने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "ऑफिसात जाऊन सांगितलंस ते कळलं मला. पण हात मिळवून झाल्यावर गेलीस. वेळ अगदी बरोबर साधलीस हां."

बाईंनी त्याचा हात झटकला. "कसली वेळ? काय बडबडतोस?"

"काही नाही. थँक्यू म्हणतोय."

तो शीळ घालत आतल्या खोलीत गेला. नवऱ्याने कांदा चिरायचं थांबवलं होतं. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "आपला तो बाब्या."

"तुम्ही तरी नीट बोला. मी जाऊन सांगितलं ना? कोणती आई सांगेल?"

"सांगितलंस," नवरा म्हणाला. "खरंच सांगितलंस." आणि त्याने पुढचा कांदा घेतला.

फायनल झाली. हरलेल्या संघांची पोरं पंच म्हणून उभी राहिली, पहिल्याच डावात मुखवटे काढून मारामारी झाली, आणि कुणालाच नवल वाटलं नाही. बाई गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पंचांची जॅकेटं आणायला जावंच लागलं, ती दुकानाच्या नावावर शिवून घेतली होती.

मैदानामागे पत्र्याची खोली. आत एक लांब बाक, भिंतीला खिळे, कोपऱ्यात रंगाने बरबटलेली बादली. बाकावर दातवाली बसली होती. तिचं जॅकेट मांडीवर, घडी घातलेलं. धुऊन आणलं होतं. पांढऱ्याशुभ्र कापडावर इस्त्रीची रेघ.

"हे द्यायला थांबले," ती म्हणाली.

"ठेव तिथे." बाईंनी खिळ्यावरची जॅकेटं उतरवायला सुरुवात केली.

"दवाखान्यात कळलं. डॉक्टर म्हणाले, तिकडे पाहून सोडतेस, इथेही सोडत असशील. हसत म्हणाले. पण म्हणाले."

"तू पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं."

"स्पष्ट?"

"तुमच्याएवढंच स्पष्ट."

"मग हात वर का नाही केलास? मी तुला सगळ्यांपुढे मान दिला. माझ्यानंतर तू, असं म्हटलं. आणि तू नेमक्या वेळी मान वळवलीस."

"नजर काढून घ्यायची, तुम्हीच शिकवलंत."

"ते खेळाडूची जागा उघडी पडू नये म्हणून! पोरकटपणा करू नकोस."

"पोरकटपणा नाही, बाई. भीती." दातवालीने जॅकेट बाकावर ठेवलं आणि त्याची कड सरळ केली. "हात अर्धा वर आला होता माझा. मग वाटलं, हा बाईंचा मुलगा. याला बाद केलं तर याची निवड जाईल. बाई मला तोंडाने शाबास म्हणतील आणि पुढच्या रविवारी बोलावणार नाहीत. मला एका ठिकाणी तरी कुणी बोलावत होतं. म्हणून सोडलं. माझं चुकलं. मी कुणालाही सांगेन, चुकलं."

"मी अशी आहे? बोलावलं नसतं मी?"

"ते आता कधीच कळणार नाही."

बाईंनी जॅकेटं पिशवीत कोंबली. पिशवी भरली, तरी एक बाही बाहेर लोंबत होती. "मी स्वतःच्या पोराविरुद्ध जाऊन बोलले," त्या म्हणाल्या. "हे लक्षात ठेव. तुझ्यावर आळ घ्यायला नाही गेले. खरं काय ते सांगायला गेले."

"हो. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी झाली."

"संन्यासी नव्हतीस तू."

"नव्हते. ते सोडा." दातवाली उठून उभी राहिली. दारातून येणारा उजेड तिच्या अंगावर पडला तेव्हा दिसलं, की ती कामावरच्याच कपड्यांत आली होती आणि खिशाला नेहमीचा दवाखान्याचा बिल्ला नव्हता. "मला एकच सांगा. रागावू नका, मी भांडायला नाही आले. मी बाहेरची. भ्यायले, मान वळवली. पण तुम्ही नाही वळवलीत. तुम्ही उभ्या राहून बघत होतात, मी पाहिलं तुम्हाला. शिट्टी तोंडात होती. तो सरपटायला लागायच्या आधी. मॅच चालू होती, समोरचे दोघे अजून आत होते, एक फुंकर मारली असती तर तो बाद झाला असता आणि आपली सगळी माणसं फायनलला पंच म्हणून उभी असती. मुखवटा निसटला तेव्हा बाहेरूनच थांबवली होतीत ना मॅच? मग या वेळी का नाही फुंकलीत?"

बाहेर कुणीतरी फुगवलेल्या अडथळ्यांमधली हवा सोडत होतं. मोठ्ठा सुस्कारा चालला होता, थांबतच नव्हता.

बाईंनी पिशवी उचलली. लोंबणारी बाही आत ढकलली, ती पुन्हा बाहेर आली. दातवाली दाराच्या तोंडाशी उभी होती. ती बाजूला झाली. बाई तिच्या अंगावरून, खाली बघत, उंबरा ओलांडून बाहेर पडल्या आणि ओल्या हिरवळीच्या कडेने फाटकाकडे चालू लागल्या.

"बाई!"

त्या चालत राहिल्या.